व्यायाम कोणाच्या वेळात?

(आरोग्यसेवेतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गिरणीतल्या कापसाच्या तंतूंनी कामगाराची छाती पोखरते, खाणीतल्या धुळीने फुप्फुसे निकामी होतात, हे कामगार चळवळीने फार पूर्वी ओळखले आणि त्यासाठी झगडून कायदे करवून घेतले. रुग्णालय हेही हजारो माणसांचे कामाचे ठिकाण आहे, ही गोष्ट मात्र चळवळीच्या ध्यानात उशिरा आली. तेथे काम करणाऱ्या परिचारिका, वॉर्डातले मामा आणि मावशी, सफाई कामगार, तंत्रज्ञ, शिकाऊ डॉक्टर यांचे जे झिजते ते क्ष-किरणात दिसत नाही. झोप जाते, चिडचिड वाढते, रोग्याच्या वेदनेविषयी एक प्रकारचा बधिरपणा येतो, आणि शेवटी कामावर जाण्याची वेळ झाली की पाय उचलत नाही. २०२० साली देशाने या माणसांसाठी थाळ्या वाजवल्या. थाळ्यांचा आवाज विरल्यावर त्यांच्या मनाचे काय झाले, याची चौकशी फार थोड्यांनी केली.

आता ती चौकशी सुरू झाली आहे, आणि तिच्याबरोबर एक सल्लाही आला आहे : व्यायाम करा. परिपत्रके निघतात, २१ जूनला सतरंज्या अंथरल्या जातात, छायाचित्रे काढली जातात. या सल्ल्यावर कार्यकर्त्यांची पहिली प्रतिक्रिया उपहासाची असते. माणसे कमी, पगार थकलेला, कंत्राट केव्हा संपेल याचा भरवसा नाही, आणि वर सूर्यनमस्कार घाला म्हणे! हा उपहास समजण्यासारखा आहे. परंतु उपहास करून प्रश्न संपत नाही, कारण सल्ला मुळात खोटा नाही. तो कोण देतो, कोणाला देतो आणि त्याची किंमत कोणी मोजायची, येथे खरी मेख आहे.

प्रथम सल्ल्यातले सत्य पाहू. नैराश्यावर व्यायामाचा उपयोग होतो काय, याविषयी झालेल्या २१८ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यांत भाग घेतलेल्यांची संख्या चौदा हजारांवर होती. चालणे, धावणे, योगासने, स्नायूंना बळ देणारे व्यायाम या सर्वांनी नैराश्याची लक्षणे लक्षणीय प्रमाणात कमी होतात, असे त्यातून दिसले. खास आरोग्य कर्मचाऱ्यांवरही प्रयोग झाले आहेत. कॅनडातील व्हँकुव्हर येथे २०२२ साली २८८ आरोग्य कर्मचाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले गेले. एका गटाला घरी करावयाच्या व्यायामासाठी मोबाइलवरील साधन विनामूल्य दिले आणि आठवड्याला ८० मिनिटे व्यायाम करण्यास सांगितले. दुसऱ्या गटाला थांबण्यास सांगितले. बारा आठवड्यांनी पहिल्या गटात नैराश्याची लक्षणे कमी झाली होती, भावनिक थकवा उतरला होता, आजारपणाच्या रजाही घटल्या होत्या. म्हणजे ज्यांना हे सारे थोतांड वाटते त्यांनी आपले मत तपासून पाहिले पाहिजे.

परंतु याच प्रयोगातील आणखी एक आकडा अधिक बोलका आहे. दुसऱ्या आठवड्यात ठरलेली ८० मिनिटे पुरी करणारे सुमारे ५५ टक्के होते. बाराव्या आठवड्यात ते २३ टक्के उरले. साधन फुकट होते, फायदा होत होता, माणसे सुशिक्षित होती, स्वेच्छेने आलेली होती. तरी चारांतील तिघांच्या हातून ते निसटले. प्रशासकाला यात माणसाचा आळस दिसेल. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला दिसते ती टंचाई. एखादी वस्तू फुकट असूनही लोक घेत नसतील, तर तिच्याबरोबर दुसरी एखादी महाग वस्तू खर्चावी लागत आहे असे समजावे. येथे ती वस्तू म्हणजे वेळ.

यावर वॉर्डातून एक प्रश्न हमखास येतो, आणि तो गंभीरपणे घेण्यासारखा आहे. परिचारिका म्हणते, "आठ तास पायांवर उभी असते, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे किती फेऱ्या होतात त्याचा हिशेब नाही, मला आणखी व्यायाम कशाला हवा?" मामा म्हणतात, "दिवसातून वीस वेळा स्ट्रेचर ढकलतो, रोग्याला उचलून खाटेवर ठेवतो. हा व्यायाम नाही तर काय?" वरवर पाहता हे बिनतोड आहे. किंबहुना एके काळी शास्त्रही त्यांच्याच बाजूचे होते.

१९५३ साली लंडनमध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरने सार्वजनिक वाहतुकीतील कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा गृहस्थ नुसता वैद्य नव्हता. ब्रिटनमधील कल्याणकारी राज्याचे विचारवंत रिचर्ड टिटमस यांच्याबरोबर त्याने गरिबी आणि रोग यांच्या संबंधांवर काम केले होते. लंडनच्या दुमजली बसमधला चालक दिवसभर बसून असे, आणि वाहक दिवसभर जिने चढत-उतरत असे. दोघांचा वर्ग एक, वस्ती एक; पण हृदयविकाराचे प्रमाण वाहकांत स्पष्टपणे कमी आढळले. हालचाल हृदयाला तारते, ही कल्पना तेथून रूढ झाली. मॉरिस स्वतः मात्र एवढ्यावर स्वस्थ बसला नाही. त्याने पुढे गणवेशाच्या नोंदी काढून पाहिल्या, तेव्हा चालकांच्या विजारींचे कमरेचे माप वाहकांपेक्षा मोठे असल्याचे दिसले. म्हणजे फरकाचा काही भाग माणसे त्या कामावर येण्यापूर्वीचाच असावा. आपल्याच निष्कर्षावर अशी शंका घेणारे संशोधक सापडत नाहीत असे नाही, पण त्यांची गर्दीही नाही.

पुढच्या अर्धशतकात चित्र गुंतागुंतीचे झाले. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन येथील एक लाख चार हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. फुरसतीच्या वेळातील हालचाल जितकी जास्त, तितका हृदयविकाराचा व मृत्यूचा धोका कमी. आणि कामावरील शारीरिक कष्ट जितके जास्त, तितका तो धोका अधिक. तेच शरीर, तेच स्नायू, पण परिणाम उलटे. मानसिक आरोग्याच्या बाबतीतही असेच दिसते. या विषयावरील अभ्यासांचा २०१७ साली एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात फुरसतीतल्या हालचालीचे नाते चांगल्या मनःस्वास्थ्याशी, तर कामावरील कष्टांचे नाते मानसिक त्रासाशी आढळले.

असे का व्हावे? तज्ज्ञांनी दिलेली कारणे कोणत्याही आयाबाईला सहज पटतील. व्यायामात जोर थोडा वेळ लागतो आणि मग विसावा मिळतो. कामात मध्यम कष्ट तासन्‌तास चालतात आणि विसावा पाळी संपल्यावर, तोही मिळाला तर. जड उचलण्यात आणि अवघडून उभे राहण्यात रक्तदाब चढतो आणि चढलेलाच राहतो. रात्रपाळीत झोप मोडलेली असते, त्यामुळे झीज भरून येत नाही. आणि शेवटचे कारण सर्वांत महत्त्वाचे : व्यायाम करणारा माणूस केव्हा थांबायचे ते स्वतः ठरवतो. वॉर्डातला माणूस थांबू शकत नाही. घंटी वाजली की उठायचे, नातेवाईक ओरडला की ऐकून घ्यायचे, एक रोगी दगावला की दहा मिनिटांत तीच खाट दुसऱ्यासाठी तयार करायची. आपल्या शरीराची गती दुसऱ्याच्या हाती असणे, हे मार्क्सच्या वाचकांना नवे नाही. येथे ते नाडीच्या ठोक्यांत मोजले गेले एवढेच.

म्हणून मामांना असे सांगता येईल की तुमचे कष्ट खरे आहेत, परंतु तो व्यायाम नव्हे. ज्या हालचालीवर माणसाची स्वतःची सत्ता असते, तिनेच मनाला उभारी येते. मग ही सत्ता त्याला मिळणार कोणत्या वेळात? पाळीआधी? सकाळी सातच्या पाळीसाठी कल्याण-बदलापूरहून निघणारी परिचारिका पहाटे चारला उठते. पाळीनंतर? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी रोज सरासरी २९९ मिनिटे, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे देत असल्याचे आढळले. २०२४ च्या पाहणीत हे अंतर होते तिथेच राहिले. रुग्णालयाच्या कर्मचारीवर्गात स्त्रियांची संख्या मोठी आहे. त्यांच्या दृष्टीने 'घरी व्यायाम करा' याचा अर्थ पाच तासांच्या घरकामातून किंवा उरलेल्या झोपेतून तो वेळ काढा, असा होतो. संस्थेने थकवा निर्माण करायचा आणि तो घालवण्याचा खर्च कुटुंबाने, तोही स्त्रीने, सोसायचा, असा हा व्यवहार आहे. कारखान्याने सांडपाणी नदीत सोडावे आणि गावाने पाणी उकळून प्यावे, याच जातीचा तो आहे.

वेळेचा हा प्रश्न प्रत्यक्ष प्रयोगातही उतरला आहे. कोपनहेगनमधील तीन रुग्णालयांच्या १८ विभागांतील २०० स्त्री कर्मचाऱ्यांवर दहा आठवडे एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांना आठवड्यातून पाच वेळा दहा-दहा मिनिटांचा, स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला होता. एका गटाने तो घरी, स्वतःच्या वेळात करायचा होता. दुसऱ्याने कामाच्या ठिकाणी, कामाच्या वेळात, सहकाऱ्यांबरोबर. घरच्या गटाकडून आठवड्याला सरासरी एक वेळा व्यायाम झाला, कामावरच्या गटाकडून दोनांहून थोडा अधिक. कामावरच्या गटाची मान, खांदे व पाठ यांची दुखणी अधिक कमी झाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या गटात सहकाऱ्यांमधील परस्परविश्वास आणि सहकार्याची भावना वाढल्याचे मोजमापात दिसले. कामावरच्या गटाला काही मार्गदर्शनसत्रेही मिळाली होती, हे खरे. फरकातील काही वाटा त्यांचा असू शकेल. तरी मुख्य गोष्ट झाकत नाही. वेळ मालकाचा असला की व्यायाम होतो, आणि तो चार जणींनी मिळून केला की मनही सावरते. एकीने खोलीत एकटीने हातपाय हलवणे आणि पाच जणींनी हसत-खिदळत हलवणे यांत जो फरक आहे, तो सेवा दलाच्या मैदानावर वाढलेल्यांना आकड्यांवाचूनही ठाऊक असेल.

येथे नारायण मेघाजी लोखंडे यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी १० जून १८९० पासून मिळाली, ती लोखंड्यांच्या सहा वर्षांच्या चळवळीनंतर. रविवार हा खंडोबाचा वार, आणि सहा दिवस मालकासाठी राबणाऱ्याला एक दिवस स्वतःच्या समाजासाठी हवा, अशी त्यांची मांडणी सांगितली जाते. सुटीचे कारण त्यांनी कामगाराच्या अशक्तपणात शोधले नाही. माणूस म्हणून त्याच्या वेळेवर असलेल्या हक्कात शोधले. हेच लोखंडे फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत रोग्यांसाठी धावपळ करीत असताना प्लेगनेच गेले. आरोग्यसेवेतील कामगारांना पूर्वज हवा असेल तर तो त्यांच्या फार जवळ आहे.

आजचे राज्यकर्ते वेळेविषयी काय म्हणतात? केंद्र सरकारने २०२१ साली आपल्या कर्मचाऱ्यांसाठी पाच मिनिटांचा 'वाय-ब्रेक' सुचवला, आणि २०२३ साली तो खुर्चीत बसल्या बसल्या करण्याची सोय सांगितली. कल्पना वाईट नाही. पण तिच्यात एक खुर्ची गृहीत धरलेली आहे! ज्याच्या वाट्याला आठ तासांत खुर्ची येत नाही, अशा माणसाचा विचार तिच्या मांडणीत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती बंधनकारक केली होती. शिकाऊ डॉक्टरांसाठी १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत सलग काम सामान्यतः १२ तासांपेक्षा अधिक नसावे असे म्हटले होते. प्रत्यक्षात छत्तीस तासांच्या पाळ्या चालत राहिल्या. शेवटी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अभ्यासगटाने २०२४ साली आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली : एक चोवीस तासांची पाळी, पाच दिवस दहा-दहा तास आणि एक दिवस सुटी. १९९२ मध्ये ४८ तासांची भाषा होती. बत्तीस वर्षांनी ७४ ही सुधारणा ठरते, यावर वेगळे भाष्य नको. त्याच अभ्यासगटाच्या पाहणीत उत्तर देणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांनी आत्महत्येचा विचार मनात येऊन गेल्याचे नोंदवले होते. आणि त्याच वर्षी ९ ऑगस्टला कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात एका शिकाऊ डॉक्टर तरुणीवर अत्याचार करून तिची हत्या झाली. प्रदीर्घ पाळीत थोडा विसावा घ्यावा म्हणून ती सभाकक्षात गेली होती, कारण विसाव्याची सुरक्षित जागा नव्हती. जेथे पाठ टेकायला खोली नाही, तेथे व्यायामाची सतरंजी कोठे अंथरायची?

म्हणून व्यायामाची मागणी एकटी करून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली 'बर्नआउट'ची व्याख्या करताना तो आजार न म्हणता कामाशी निगडित घटना मानली : कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन ताणाची नीट व्यवस्था न लागल्याचा परिणाम. मूळ कामात असेल तर उपायही कामात हवा. डॉक्टरांच्या बर्नआउटवरील उपायांचा २०१७ साली एकत्रित अभ्यास झाला. व्यक्तीला उद्देशून केलेल्या उपायांपेक्षा पाळ्या, कामाचा बोजा आणि कामाची रचना बदलणाऱ्या उपायांचा परिणाम अधिक दिसला. ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या २०२४ सालच्या अभ्यासात तर ताण सोसण्याचे वर्ग, ध्यानधारणा, मोबाइलवरील साधने यांचा लाभ घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्थितीत फरक आढळला नाही. व्यायामाने मन सावरते आणि असल्या कार्यक्रमांनी सावरत नाही, हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी नाहीत. औषध चांगले असूनही ते भिंतीवर लावलेल्या चिठ्ठीतून पोटात जात नाही.

दोन सावधगिऱ्या सांगितल्या पाहिजेत. व्यायामाची हजेरी घेतली जाता कामा नये. जपानमध्ये १९२८ पासून आकाशवाणीवरून सामुदायिक कवायत चालत आली, आणि तिचा कारखान्यांनी शिस्तीसाठी कसा उपयोग केला हे सर्वश्रुत आहे. पर्यवेक्षकाच्या शिट्टीवर केलेली कवायत ही पुन्हा कामच होय. जी गोष्ट तिला व्यायाम बनवते तीच तिच्यातून निघून जाते. गरोदर बाई, कंबर धरलेला प्रौढ, उपवास असलेली मुलगी, किंवा ज्याला नुसते डोळे मिटून बसायचे आहे असा माणूस, या सर्वांना ती दहा मिनिटे त्यांच्या मनाप्रमाणे मिळाली पाहिजेत. दुसरे असे की गंभीर नैराश्यावर व्यायाम हा उपचाराला पर्याय नाही. ज्याच्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत आहेत त्याला पळायला सांगणे हा निष्काळजीपणा आहे. अशा साथीला मनोविकारतज्ज्ञाकडे नेणे, निदान सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावून देणे आणि तोवर त्याच्याजवळ बसून राहणे, हे युनियनच्या कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे. आणि ही गोष्ट वॉर्डभर होणार नाही याची काळजी घेणे हेही.

आता मागणीची किंमत. प्रशासन प्रथम विचारील की एवढा वेळ आणायचा कोठून. उत्तर सोपे अंकगणित आहे. शंभर कर्मचाऱ्यांना पाळीत रोज दहा मिनिटे दिली, तर सहा दिवसांत प्रत्येकी एक तास, एकूण आठवड्याला शंभर तास होतात. ४८ तासांच्या आठवड्याने भागले की दोन माणसे. शंभरामागे दोन पदे : या मागणीचा खर्च एवढाच आहे. वॉर्डात एकाच वेळी सर्वांनी उठायचे नाही. दोघी-तिघींनी मिळून, आळीपाळीने उठायचे, आणि त्या दहा मिनिटांत त्यांचे रोगी सांभाळणारे माणूस कागदावर नेमलेले असायचे. तसे नेमले नाही तर ती दहा मिनिटे उरलेल्या मैत्रिणीच्या पाठीवर पडतील, आणि महिन्याभरात कोणी उठेनासे होईल.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार सामान्य वॉर्डात शिक्षण-रुग्णालयात तीन रोग्यांमागे एक, आणि इतरत्र पाच रोग्यांमागे एक परिचारिका हवी. रात्रपाळीत तीस-चाळीस खाटा एकटीच्या अंगावर असलेले वॉर्ड ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे आकडे परीकथेसारखे वाटतील. मंजूर पदेच मोठ्या संख्येने रिकामी आहेत. तेव्हा दहा मिनिटांची मागणी मांडताना तिच्यासोबत रिक्त पदांची यादी जोडावी, वॉर्डवार आणि पाळीवार. एक बंद होणारी, पंखा असलेली, स्त्रियांना कुलूप लावता येईल अशी खोली मागावी. एके काळी गिरणगावात गल्लोगल्ली व्यायामशाळा होत्या आणि कामगार कल्याण केंद्रांतूनही त्यांची सोय होती. रुग्णालयाच्या आवारात तशी एक खोली असणे ही चैन ठरू नये.

आणि यादीत नावे घालताना सफाईचे, सुरक्षेचे आणि स्वयंपाकघरातले कंत्राटी कामगार प्रथम घालावीत. प्रशासन म्हणेल की ते आमचे नोकर नाहीत, ठेकेदाराचे आहेत. ठेकेदार म्हणेल की आपल्या निविदेत दहा मिनिटांची तरतूद नाही. यापुढच्या निविदेत ती कशी घालायची, याचा मसुदा आतापासून तयार ठेवला पाहिजे. निविदा निघाल्यावर त्यात ओळ घालता येत नाही.